एक पान मागे, एक पान पुढे

श्री. वसंत बाळकृष्ण मांडवकर यांना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा मंडळींनी मला सांगितलं, "तू सगळ्यांत आधीची, तू पहिल्या भेटीपासून लिही." लिहिते. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. सरांच्या नावावर एक चूक बोलली जाते. कुणाचा निरोप समारंभ असो, वकिलांच्या कारकुनांचं संमेलन असो, ती गोष्ट कुणीतरी हसत हसत सांगतंच. बहुधा याही ग्रंथात कुणीतरी सांगितली असेल. ती चूक नेमकी कुणाची होती हे मला या लेखात लिहायचं आहे. ते लिहायचं धैर्य गोळा करायला मला वीस वर्षं लागली, आणि ही गोष्ट काही माझ्या कौतुकाची नाही.

दोन हजार सालाच्या जरा पुढची गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो होतो. वडिलांची नोकरी संपत आली होती, धाकटी बहीण शिकत होती आणि मी बी.कॉम. होऊन टायपिंगचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नोकरी शोधत फिरत होते. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी, एका फरसाणवाल्याच्या वर पहिल्या मजल्यावर किरीटभाई वकिलांचं ऑफिस होतं. पापडीच्या तळणाचा वास जिन्यातून वर यायचा आणि फायलींत जाऊन बसायचा. आजही कुठे गरम पापडी दिसली की मला दावा, कैफियत आणि तारीख आठवते.

किरीटभाईंनी माझं प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "टायपिंग आता है ना? बस. बाकी मांडवकरभाई बघतील."

मांडवकरभाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात लाकडी फूटपट्टी. ती पट्टी ओळीखाली धरून ते वाचायचे. एक ओळ संपली की पट्टी खाली सरकायची, त्याआधी नाही. त्यांनी मला "बसा" म्हटलं आणि एका कागदावर काहीतरी लिहून दिलं. दोन पक्षकारांची नावं, मध्ये 'विरुद्ध', मग साल, खंडाचा आकडा, निवाडासंग्रहाचं नाव आणि पानाचा आकडा.

"त्या कपाटातून हा निवाडा काढून आणा."

मी कपाटापाशी गेले, साल पाहिलं, जाडजूड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी पट्टी ठेवून पाहिलं. "पान बरोबर आहे. घर चुकलं. या सालाचे तीन खंड आहेत, तुम्ही पहिलाच आणलात." मग चेहरा अजिबात न बदलता त्यांनी विचारलं, "राहता कुठे?"

"सिल्व्हर पार्क."

"नुसता फ्लॅटचा नंबर घेऊन सिल्व्हर पार्कात शिरलात, बिल्डिंग नाही, विंग नाही, तर कुणाच्या दारात उभ्या राहाल?"

मीरा रोडच्या त्या एकसारख्या इमारतींत आमच्याच बिल्डिंगमध्ये शिरताना मी पहिला महिनाभर चुकत होते, त्यामुळे हे मला लगेच पटलं. सायटेशन म्हणजे पत्ता, हा माझा पहिला धडा. पुढे सरांनी हजारदा तो घोटून घेतला. नावं कशासाठी? दार उघडल्यावर आत तीच माणसं आहेत ना, हे कळावं म्हणून. कोर्टाचं नाव कशासाठी? वरचं कोर्ट बोललं की बरोबरीचं, यावर त्या बोलण्याचं वजन ठरतं म्हणून. परिच्छेदाचा आकडा कशासाठी? न्यायाधीशांना शंभर पानांत हिंडायला लावू नये म्हणून. "पत्ता असा लिहायचा," सर म्हणायचे, "की आपल्याला न ओळखणारा माणूससुद्धा एका फेरीत पोचला पाहिजे."

आता माझ्यासारख्यांना 'पॅरालीगल' असा भारदस्त शब्द आहे, त्याचे अभ्यासक्रम आहेत. त्या काळी आम्ही नुसती 'ऑफिसातली मुलगी' किंवा 'वकिलाचा माणूस' होतो. आम्हाला कुणी काही शिकवत नसे. मांडवकर सर शिकवायचे. स्वतः ते रत्नागिरीकडून मॅट्रिक होऊन आलेले. वकिलीचं शिक्षण घ्यायची फार इच्छा होती, घरच्या जबाबदाऱ्यांत ते राहून गेलं. त्याची खंत त्यांनी कधी उगाळली नाही. रविवारी सकाळी बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी आमचा वर्ग सुरू केला. आम्ही आठ-दहा जण असायचो, खुर्च्या सहा होत्या. फळा नव्हता म्हणून सर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि पंख्याने ती उडायची.

त्या वर्गात सरांची चिठ्ठी जन्माला आली. चिठ्ठीविषयी इथे नीट लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणीही निवाडा शोधून आणला की त्याला एक चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर वर पूर्ण पत्ता आणि खाली तीन प्रश्न. पान स्वतः पाहिले का? मागचे-पुढचे पान वाचले का? निवाडा अजून लागू आहे का? प्रत्येकापुढे होय की नाही ते हाताने लिहायचं. शेवटी उजवीकडे शोधणाऱ्याची आद्याक्षरं, डावीकडे तपासणाऱ्याची. आणि तपासणाऱ्यासाठी एक नियम होता: त्याने पान मागायचं. पान हातात घेतल्याशिवाय आद्याक्षरं करायची नाहीत, समोर सख्खा भाऊ असला तरी.

पहिला प्रश्न आळशी लोकांसाठी होता. दुसऱ्याच्या अर्जातलं सायटेशन आपल्या अर्जात उचलून ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. चूक असली तर ती तशीच दहा अर्जांतून फिरत राहते. तिसरा प्रश्न उतावळ्यांसाठी. आमच्या वर्गात इरफान नावाचा एक हुशार मुलगा होता, मीरा रोडच्याच एका वकिलांकडे कामाला. एकदा त्याने असा सुरेख निवाडा शोधून आणला की आम्ही सगळे खूश. सरांनी नंतरच्या वर्षांची सूची उघडली, पट्टी फिरवली आणि म्हणाले, "इरफान, हे गृहस्थ तर वारले. वरच्या कोर्टाने चार वर्षांपूर्वीच यांना रद्द केलंय." इरफान कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, मैं तो शादी का कार्ड लेके मय्यत में पहुंच गया." त्या रविवारी वर्ग पुढे झालाच नाही, हसण्यातच गेला.

याच इरफानला मराठी कागद वाचताना अडचण व्हायची. तालुक्याच्या ठिकाणचे जुने दस्तऐवज, फेरफार, जबाब, सगळं मराठीत. सरांनी त्याला त्याबद्दल एका शब्दाने काही म्हटलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी त्याच्या हातात एक दोनशे पानी वही ठेवली. प्रत्येक पानावर तीन रकाने होते. मराठी शब्द, हिंदी अर्थ, इंग्रजी अर्थ. कुळ, वहिवाट, कब्जा, बक्षीसपत्र, सगळे त्यांच्या वळणदार अक्षरात. सरांचं हिंदी म्हणजे रत्नागिरीने नेसवलेलं हिंदी, त्यामुळे काही अर्थ इरफानला मराठीपेक्षा अवघड गेले. ती वही त्याच्याकडे अजून आहे. मागच्या महिन्यात त्याने मला दाखवली, प्लास्टिकचं कव्हर घातलेली.

सरांच्या प्रामाणिकपणाची किरीटभाईंना थोडी धास्ती वाटायची. आपल्या बाजूचा निवाडा शोधताना विरुद्ध बाजूचा सापडला तर सर तो आधी टेबलावर ठेवत. एकदा किरीटभाई वैतागून म्हणाले, "मांडवकरभाई, तुम्ही माझ्या बाजूला हाय का सामनेवाल्याच्या?"

"तुमच्याच," सर म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला आधी दाखवतोय. कोर्टात त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा इथे माझ्याकडून ऐकलेलं बरं."

किरीटभाई बडबडले, पण त्यांनी तो निवाडा वाचला. सरांनी टाचलेल्या कागदावर ते डोळे मिटून सही करत. त्या ऑफिसात सरांना पगारापेक्षा या गोष्टीचं मोल जास्त होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. हे लक्षात राहू द्या.

ऑफिसात निवाड्यांची सीडी आली तेव्हा आम्हाला वाटलं, सर नाक मुरडतील. त्यांनी उलट माझ्याकडून माउस धरायला शिकून घेतलं, पन्नाशी उलटल्यावर. पडद्यावर शोधायचे आणि पुस्तकात जाऊन पडताळायचे. "मशीन पटकन सांगतं," म्हणायचे, "पण खरं-खोटं विचारलं की गप्प बसतं."

आता जनाबाईंकडे येते. जनाबाई बाजारात भाजी विकायच्या. माहेर राई गावचं; नवऱ्यामागे भाईंदर पश्चिमेच्या एका जुन्या खोलीत भाड्याने राहत होत्या, तीसेक वर्षं. पडत्या वयात सोबत म्हणून बहिणीच्या मुलाला, त्याच्या बायकोला आपल्याकडे आणून ठेवलं. घरमालकाने दावा लावला की बाईंनी खोलीत पोटभाडेकरू घातलाय, म्हणून खोली खाली करून द्यावी. जनाबाई ऑफिसात येऊन बाकावर बसायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "बहिणीचा पोर हाय माजा. भाडेकरू कसा व्हईल तो? मी कुठं जाऊ सांगा." खोली गेली असती तर त्यांना खरोखरच कुठे जायला जागा नव्हती.

नातेवाईक सोबत राहतो म्हणजे पोटभाडेकरू ठेवला असं होतं का, यावर निवाडा शोधायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. आमचं कोर्ट ठाण्याला. मी सकाळची बस पकडून घोडबंदर रोडने ठाण्याला गेले आणि वकिलांच्या ग्रंथालयात बसले. त्या दिवशी संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. हे मी सरांना आदल्या दिवशी लाजत लाजत सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, "मग दुपारच्या आत नीघ. निवाडे काही पळून जात नाहीत."

दुपारच्या आत मला तो सापडला. पानाच्या अगदी माथ्यावर, जणू जनाबाईंसाठीच लिहिलेलं वाक्य: भाडेकरूसोबत राहणारा नातेवाईक हा कोणत्याही परिस्थितीत पोटभाडेकरू ठरू शकत नाही. माझ्या अंगावर काटा आला. झेरॉक्सच्या मशीनपाशी ही मोठी रांग होती. घड्याळ पाहिलं, आई घरी वाट बघत होती, साडीला इस्त्री व्हायची होती. मी निवाड्याचं पहिलं पान आणि हे पान, अशी दोनच पानं काढली आणि बस पकडली. मागचं पान वाचलं नाही. पुढचं वाचलं नाही.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि त्यांचा निरोप त्याच रात्री आला. नाही म्हणाले. मुलगी कोर्टकचेरीत जाते, हे त्यांना पसंत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात गेले. सरांनी विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाले."

"कारण?"

"मुलगी कोर्टात जाते."

सरांनी फूटपट्टी खाली ठेवली. "म्हणजे नुसती हेडनोट वाचून निकाल दिला म्हणायचा." निवाड्याच्या वर छापणाऱ्याने जो चार ओळींचा सारांश दिलेला असतो, त्याला हेडनोट म्हणतात, तेवढाच वाचून मत बनवणाऱ्यांवर सरांचा फार राग. मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. सरांनी खालून दोन चहा मागवले. मी डोळे पुसत चिठ्ठी भरली. पान स्वतः पाहिले: होय. मागचे-पुढचे वाचले: होय. निवाडा अजून लागू: होय. उजवीकडे वै. क. केलं. सरांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डावीकडे आद्याक्षरं केली. पान मागितलं नाही. सगळ्या काळात ते एकदाच.

पुढे लेखी युक्तिवाद दाखल झाला, त्याची प्रत घरमालकाच्या वकिलांना गेली, आणि सुनावणीच्या दिवशी ते चक्क तो खंडच हातात घेऊन उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते, शेजारी सर, पलीकडे जनाबाई. त्यांनी शांतपणे आदलं पान वाचलं. पानाच्या तळाशी वाक्य सुरू होत होतं: 'भाडेकरूच्या वकिलांनी असे प्रतिपादन केले की'. आणि पान उलटल्यावर माथ्याशी ते माझं सोन्यासारखं वाक्य आलं. मग त्यांनी पुढचं पान वाचलं: हे प्रतिपादन आम्हाला सरसकट मान्य करता येत नाही.

म्हणजे जे मी कोर्टाचं म्हणणं म्हणून दिलं होतं, ते एका वकिलाचं म्हणणं होतं, आणि कोर्टाने ते तसं स्वीकारलेलं नव्हतं. न्यायाधीश किरीटभाईंना एवढंच म्हणाले की निवाडा देताना तो संपूर्ण वाचून द्यावा अशी अपेक्षा असते. आणि पुढचं दुपारच्या सुट्टीनंतर ऐकू म्हणाले. किरीटभाईंचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर ते गरजले, "किसने किया ये? कौन लाया?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण घरी वडिलांची नोकरी संपली होती, माझ्या पगाराकडे तीन माणसं बघत होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायला जो क्षण लागला त्यात सर बोलून मोकळे झाले.

"तपासणी माझी आहे, किरीटभाई. चूक माझी." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, "वैशाली, जनाबाईंना चहा दे. त्या घाबरल्यात."

मी चहा आणायला गेले. त्या मिनिटाची लाज मला अजून वाटते.

परत आले तेव्हा सर ग्रंथालयातून तोच खंड घेऊन आले होते. खिडकीपाशी उभं राहून, ओळीखाली पट्टी धरून ते माझं न वाचलेलं पुढचं पान वाचत होते. कोर्टाने नुसतं नाही म्हटलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, की खोलीवर ताबा खरा कुणाचा हे पाहावं लागेल. भाडेकरूने आपला हक्काचा ताबा सोडला नसेल, तर सोबत राहणारा नातेवाईक पोटभाडेकरू होत नाही. सर जनाबाईंपाशी जाऊन खाली वाकले.

"जनाबाई, खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माज्याकडं. आनि कुणाकडं?" त्यांनी कनवटीची किल्ली काढून दाखवली. "पोर कामावरना येतो तवा मी बाजारातना येऊन दार उघडते. म्या साहेबापुढं सांगितलंय की."

सरांनी त्यांच्या जबानीची प्रत उलगडली. उलटतपासात, कुणी न विचारता, बाई खरोखरच म्हणून गेल्या होत्या: किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. आम्ही सगळ्यांनी ती ओळ चारदा तरी वाचून सोडून दिली होती. सरांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, पुढचं पान आणि ती ओळ दोन्ही किरीटभाईंच्या हातात दिली. दुपारनंतर किरीटभाई त्या दोन कागदांवर अर्धा तास बोलले. काही आठवड्यांनी निकाल लागला. खोली जनाबाईंचीच राहिली. त्या दिवशी त्यांनी ऑफिसात टोपलीभर भाजी आणून ओतली आणि किरीटभाईंसकट आम्ही सगळे पिशवीत वांगी घेऊन घरी गेलो.

त्या सुनावणीहून परतताना बसमध्ये मी सरांना म्हटलं, "सर, ते मी..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. तिन्ही पानांच्या झेरॉक्स माझ्या मांडीवर ठेवल्या. "आधी मागचं वाच. मग हे. मग पुढचं. मोठ्याने." घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून मी ती तीन पानं मोठ्याने वाचली, पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा वळून बघेपर्यंत. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "झालं." खरंच त्यांच्या बाजूने ते तिथे संपलं होतं.

माझ्या बाजूने संपलं नव्हतं. त्या दिवसानंतर किरीटभाईंनी सरांच्या कागदावर डोळे मिटून सही करणं बंद केलं. सगळं एका ज्युनिअर वकिलाकडून तपासून घेऊ लागले. सर ते निमूटपणे त्या कालच्या पोराच्या टेबलावर नेऊन ठेवत. ठाण्याच्या कारकून मंडळींसाठी वर्ग घ्यायला सरांना बोलावणं येणार होतं, तशी बोलणी झाली होती. ते आलं नाही. आणि गोष्ट मात्र पसरली. "मांडवकरांनीसुद्धा एकदा वकिलाचं बोलणं कोर्टाचं म्हणून लावलं होतं!" सरांच्या समोर कुणी सांगितलं तर सरही हसायचे. मी प्रत्येक वेळी तिथे असायचे आणि प्रत्येक वेळी माझा चहा गार व्हायचा.

पुढे मी मोठ्या ऑफिसात गेले, लग्न झालं (कोर्टात जाणारी बायको चालणारं एक स्थळ निघालं), हाताखाली मुलं-मुली आली. त्यांना मी चिठ्ठी भरायला लावते. नव्या मुलांना ती आधी जुनाट वाटते. मग एखादा पुढचं पान वाचून पांढरा पडतो आणि त्यानंतर चिठ्ठी न सांगता भरतो.

मागच्या महिन्यात या ग्रंथासाठी जुने फोटो मिळतात का पाहायला भाईंदरच्या ऑफिसात गेले. किरीटभाई आता कामातून मोकळे झालेत, थकलेत. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं, "सब ऊपर है. मांडवकरभाईने एक पण कागद फेकला नाय." फायलींना अजून पापडीचा वास होता. जनाबाईंची फाइल सापडली. चिठ्ठी जागच्या जागी होती, टाचणी गंजलेली. तीन वेळा 'होय' माझ्या अक्षरात, उजवीकडे वै. क., डावीकडे व. मां. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, सरांनी नंतर लिहिलेल्या दोन ओळी, ज्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या:

'त्या दिवशी शोधणारीकडे पान मागितले नाही. चूक तपासणाऱ्याची.'

मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. सर माझ्यासाठी खोटं बोलले असं मी वीस वर्षं समजत होते. ते खोटं बोललेच नव्हते. त्यांनी खरोखर स्वतःला दोषी धरलं होतं, कारण माझे सुजलेले डोळे पाहून त्यांना पान मागणं जमलं नाही. त्यांच्या चिठ्ठीत दयेसाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ती दया स्वतःच्या चुकीच्या खाती लिहून ठेवली. आणि हा कागद त्या ऑफिसात उघड पडून होता. त्या चुकीची गोष्ट सांगणाऱ्या किती जणांनी त्या जिन्यावरून ये-जा केली असेल. पान कुणीच मागितलं नाही.

सर, आजवर तुमच्यापुढे मी वाद घातला नाही, आज घालते. तुमचा हा निकाल मला मान्य नाही. तपासणाऱ्याने पान मागायला हवं होतं हे खरं, पण दुसऱ्या प्रश्नापुढचं 'होय' माझ्या हातचं आहे, आणि ते खोटं होतं. चूक माझी होती. आपल्या सगळ्या मंडळींना विनंती आहे की यापुढे ही गोष्ट सांगायची झाली तर माझ्या नावाने सांगावी, हवी तेवढी हसत सांगावी.

आणि सर, तुमच्या डोळ्यांना अशीच नजर राहो, पट्टी धरायला हात असाच स्थिर राहो, काकूंच्या हातचे घावणे तुम्हाला पुष्कळ वर्षं पचोत. शंभरी गाठा, आणि तिथवर दर रविवारी आमच्यापैकी कुणालातरी घरी बोलावून वाचायला बसवा. या लेखाला मी चिठ्ठी टाचते आहे. डावी बाजू तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे, पण आद्याक्षरं करण्याआधी पान मागा. माझा चेहरा कसाही दिसला तरी मागा. मी घेऊन येईन.

संदर्भ: जनाबाईंची फाइल, किरीटभाईंच्या ऑफिसचा माळा, भाईंदर पश्चिम.
पान स्वतः पाहिले का? होय.
मागचे-पुढचे पान वाचले का? होय. या वेळी खरोखर.
अजून लागू आहे का? होय.
वै. क.